श्रेणीदान, न्याय्य
श्रेणीदान, न्याय्य : विद्यार्थ्याने विषयात काय आत्मसात केले, एवढेच श्रेणीतून कळावे यासाठी वर्गशिक्षकाने पाळायची मूल्यमापनाची रीत. महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी आकारिक आणि सत्राअखेरीस संकलित मूल्यमापन होते. आकारिकाचा भारांश पहिली-दुसरीला 70 टक्के, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40. म्हणजे मूल जितके लहान, तितकी त्याची श्रेणी शिक्षकाच्या नोंदींवर अवलंबून. श्रेणी न्याय्य की अन्याय्य, हे प्रामुख्याने नोंदवहीतच ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीसारख्या तालुक्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. सह्याद्रीलगतच्या या भागात पाऊस दांडगा आणि वाड्या-वस्त्या डोंगरात विखुरलेल्या. ओढ्याला पाणी आल्याने शाळा बुडाली, प्रकल्पवही उशिरा आली, म्हणून गुण कापले तर गणिताच्या श्रेणीत पावसाचा हिशेब मिसळतो. शिस्त, वेळ यांना गुण नसले तर मुले बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. त्या सवयी लावायलाच हव्यात; पण प्रगतिपत्रकात आवड, विशेष प्रगती, आवश्यक सुधारणा यांच्या वर्णनात्मक नोंदींना वेगळी जागा आहे. तेथे लिहिलेली उणीव पालकांना समजते. गुणांत मिसळलेली कुणालाच दिसत नाही.

आकारिक गुण शिक्षकाच्या मर्जीवर असतात, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र लेखी परीक्षेतही प्रश्न निवडणारा आणि उत्तर तपासणारा माणूसच असतो, आणि दुसरीच्या मुलाचे वाचन कागदावर तपासता येत नाही. यावर उपाय म्हणजे निकष आधी ठरवून मुलांना सांगणे आणि प्रत्येक गुणामागे नोंद ठेवणे. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असल्या की हे जड जाते, हे खरेच. म्हणून मोजक्या क्षमतांच्या नेमक्या नोंदी पुरेशा मानाव्यात.

नोंद नेमकी हवी, कारण श्रेणी दिल्यावर शिक्षकाची जबाबदारी सुरू होते. 2010 च्या निर्णयानुसार ‘ड’ किंवा त्याखालील श्रेणीच्या मुलाला पूरक मार्गदर्शनाने ‘क-2’ पर्यंत आणणे अनिवार्य आहे. 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे आवश्यक झाले. अनुत्तीर्णांसाठी मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा आहे. मूल भागाकारात अडले की शाब्दिक उदाहरण वाचण्यात, हे नोंदीत नसेल तर मार्गदर्शन कशाचे करणार? राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करून मुलांना शाळेत आणले. आलेले प्रत्येक मूल खरोखर शिकते आहे का, याचे प्रामाणिक उत्तर देणारी श्रेणीच न्याय्य ठरते.