तीन नावांची माशी

आफ्रिकेच्या वर्षावनात लष्करी मुंग्यांची धाड निघते, तेव्हा पालापाचोळ्याखालचं सगळं जग जीव घेऊन पळत सुटतं. झुरळं, रातकिडे, कोळी, ज्याला पळता येईल तो उघड्यावर येतो. स्वाहिली बोलणारे लोक या मुंग्यांना सियाफू म्हणतात. कीटकशास्त्रात त्यांची प्रजाती डोरिलस. काही जातींच्या एकेका वसाहतीत कोटीहून जास्त मुंग्या असतात. या धाडीच्या अगदी तोंडाशी, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, काही सडपातळ माश्या हवेत एकाच जागी स्थिर तरंगताना दिसतात. मुंग्या त्यांचं भक्ष्य नाहीत आणि मुंग्यांच्या शिकारीत त्यांना वाटाही नको असतो. हाकारे रान उठवतात आणि नेमबाज मचाणावर टपून बसतो, तसा हा प्रकार आहे. झुरळ उघड्यावर आलं की माशी त्याच्यावर झडप घालते आणि निमिषात पुन्हा वर येते. ते झुरळ मुंग्यांच्या तावडीतून निसटलं, तरी त्याच्या अंगात आता एक अंडं रुतलेलं असतं.

ही माशी म्हणजे स्टायलोगॅस्टर. कोनोपिडी या कुलातली, म्हणजे जाड डोक्याच्या माश्यांच्या घराण्यातली. तिचं नाव पक्कं होऊन आफ्रिकेतल्या तिच्या जातींची नीट मांडणी व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली. त्या काळात ती तीन वेळा, तीन वेगळ्या ठिकाणांहून, तीन वेगळ्या नावांनी शास्त्राच्या दारात आली.

आधी घराण्याबद्दल. कोनोपिडी कुलात जगभर मिळून ८०० च्या वर जाती आहेत. डोकं अंगाच्या मानाने मोठं, अनेकींची कंबर बारीक, रंग पिवळा-काळा किंवा तांबूस, त्यामुळे पहिल्या नजरेला त्या गांधीलमाशीसारख्या भासतात. प्रौढ माशी फुलांतला मध पिते. अळी मात्र दुसऱ्या कीटकाच्या पोटात वाढते आणि शेवटी त्याचा जीव घेते. बहुतेक प्रजातींचे यजमान मधमाश्या आणि गांधीलमाश्या असतात. मादी उडत्या मधमाशीला हवेतच पकडते, पोटाच्या टोकाने तिच्या पोटाची वलयं फाकवते आणि आत अंडं ठेवते. स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टीन म्युलर आणि पाउल श्मिड-हेम्पेल यांनी १९९३ साली दाखवून दिलं, की अशी अळी पोटात असलेल्या कामकरी बंबलबी रात्री पोळ्यात परतत नाहीत. त्या बाहेर थंडीत राहतात आणि थंडीने अळीची वाढ मंदावते. स्टायलोगॅस्टर याच घराण्यातली, पण तिची रीत निराळी. मधमाशीच्या वाटेला ती जात नाही. मधमाशीला पकडणाऱ्या माद्यांच्या पोटाखाली एक कडक पट्टी असते, तीही हिला नाही. त्याऐवजी हिच्या पोटाला लांबच लांब अंडनिक्षेपक, म्हणजे अंडं घालायचा अवयव, असतो. या एका अवयवावरून तिचं नाव पडलं आणि याच अवयवामुळे तिचं घराण्यातलं स्थान वादात राहिलं.

कुळकथेचं पहिलं पान १७५८ सालचं आहे. लिनियसने 'सिस्टेमा नाचुरे'च्या दहाव्या आवृत्तीत कोनॉप्स ही प्रजाती मांडली. त्या काळी माश्यांची विभागणी सोंडेच्या ठेवणीवरून होत असे. त्यामुळे गोठ्यात गुरांना चावणारी, रक्त पिणारी माशीही त्याने कोनॉप्समध्येच घातली. पुढे ती स्टोमॉक्सिस या प्रजातीत गेली, पण लिनियसने दिलेलं जातीचं नाव, कॅल्सिट्रान्स, आजही तिच्यासोबत आहे. सोंड पुढे आलेली दिसली की माशी कोनॉप्समध्ये टाकायची, अशी ती सुरुवात होती. १८०२ साली लात्रेय यांनी कोनोपिडी हे कुल वेगळं काढलं, तेव्हा या पसाऱ्याला पहिल्यांदा वेस आली.

लिनियसचा शिष्य फाब्रिसियस याने १८०५ साली दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका माशीचं वर्णन केलं आणि तिला कोनॉप्स स्टायलाटा म्हटलं. कोनॉप्सच्या इतर माश्यांत ती बसत नव्हती. तीस वर्षांनी, १८३५ मध्ये, फ्रान्सच्या लील गावचे माश्यांचे अभ्यासक माकार यांनी तिच्यासाठी स्टायलोगॅस्टर ही नवी प्रजाती काढली. म्हणजे या घराण्याचं दप्तर उघडलं ते अमेरिकेच्या नमुन्यावर. आफ्रिका त्यात अजून नव्हती.

आफ्रिकेचा प्रवेश झाला तो लंडनमार्गे. जॉन ओबदाया वेस्टवुड हे त्या काळच्या इंग्लंडमधले अग्रगण्य कीटकशास्त्रज्ञ, पुढे १८६१ मध्ये ऑक्सफर्डला होप प्राध्यापक झाले. १८५० च्या सुमारास त्यांनी सिएरा लिओनमधल्या माशीचं वर्णन लिओनम या नावाने केलं. तिच्यासाठी त्यांनी प्रजातीही नवी केली, स्टायलोमाया. त्यानंतर १८५९ मध्ये पॅरिसचे बिगो यांना मादागास्करच्या माश्यांत अशीच एक माशी सापडली. त्यांनी तिला टायकोप्रॉक्टस असं तिसरं प्रजाती-नाव दिलं आणि जातीचं नाव कॉम्प्लेक्सस ठेवलं.

तीन अभ्यासक, तीन भूभाग, तीन प्रजाती. प्रत्येकाच्या हातात नमुने अगदी मोजके होते आणि प्रत्येकाचं लक्ष त्याच लांब अंडनिक्षेपकाने वेधलं होतं. या तिन्ही माश्या एकाच ठेवणीच्या आहेत हे पुढे स्पष्ट झालं, तेव्हा प्राणिशास्त्राचा अग्रक्रमाचा नियम लागू झाला: आधी प्रसिद्ध झालेलं योग्य नाव राहील, नंतरची त्यात विलीन होतील. माकार यांचं १८३५ चं नाव टिकलं. वेस्टवुड आणि बिगो यांनी दिलेली जातींची नावं मात्र पुसली गेली नाहीत. त्या जाती स्टायलोगॅस्टरमध्ये आल्या. हा विलय केवळ कागदावरचा नव्हता. तीन नावं असेपर्यंत दक्षिण अमेरिका, पश्चिम आफ्रिका आणि मादागास्कर यांत तीन वेगळे प्राणी राहतात असं चित्र होतं. नाव एक झालं त्या दिवशी, दोन महासागरांच्या काठांवर एकच घराणं पसरलेलं आहे, हे दिसलं. ते तिथे कसं पोचलं हा प्रश्न त्यानंतरच विचारता आला.

विसाव्या शतकात हॅम्बर्गच्या ओटो क्र्योबर यांनी जगभरच्या कोनोपिडींवर लेखमाला लिहिली. १९१४ मध्ये त्यांनी स्टायलोगॅस्टरचा आढावा घेतला. याच काळातला एनरिको ब्रुनेटी हा माणूस भारताशी जोडलेला. पेशाने संगीतकार, १९०४ पासून कलकत्त्यात मुक्काम, आणि ध्यास माश्यांचा. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेतला कोनोपिडींचा समावेश असलेला १९२३ चा खंड त्याचाच. त्याच हाताने त्याने बेल्जियन काँगोतल्या माश्यांचीही वर्णनं केली. तेव्हा साम्राज्यांच्या वाटांनी नमुने युरोपात जमा होत होते आणि एकाच टेबलावर भारताची आणि काँगोची माशी शेजारी शेजारी ठेवून पाहता येत होती. तुलनेला त्याचा मोठा उपयोग झाला. पण माशी जंगलात काय करते, हे टाचणीवरचा नमुना सांगत नव्हता.

ते सांगायला रानात राहणारी माणसं लागली. दक्षिण आफ्रिकेच्या पीटरमॅरिट्झबर्गचे ब्रायन स्टकेनबर्ग यांनी १९५० च्या दशकात मादागास्करमध्ये संग्रह केला आणि १९६३ मध्ये स्टायलोगॅस्टरच्या जीवनक्रमावर निबंध लिहिला. १९६७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या केनेथ स्मिथ यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधल्या स्टायलोगॅस्टरचं वर्गीकरण आणि जीवनक्रम एकाच प्रबंधात मांडले. न्यायवैद्यक कीटकशास्त्रावरच्या १९८६ च्या पुस्तकामुळे स्मिथ यांचं नाव पुढे सर्वदूर झालं, पण आफ्रिकेच्या या माशीवर त्यांनी आधीच पक्का पाया घातला होता. केनियातल्या स्टायलोगॅस्टर व्हॅरिफ्रॉन्स या जातीच्या अळीचं वर्णनही १९८५ मध्ये त्यांनी सहलेखकासह प्रसिद्ध केलं.

या माशीचं अंडं जवळून पाहण्यासारखं आहे. ते लांबट असतं, पुढचं टोक कडक आणि अणकुचीदार, आणि टोकामागे उलट्या दिशेने वळलेल्या आकड्या. एकदा रुतलं की मागे निघत नाही. मादी ते फेकते की भोसकते, यावर बराच काळ वाद होता, कारण झेप इतकी झटपट होते की डोळ्यांना क्रम लागत नाही. १९९७ मध्ये मारियन कोत्रबा यांनी मादीच्या अवयवांची रचना बारकाईने तपासून या वादाचा समाचार घेतला. अंडं हवेतून मारण्याजोगी यंत्रणा शरीरात दिसत नाही. रचना भोसकण्याच्या बाजूने बोलते.

ही माशी आफ्रिकेत कुठे कुठे राहते, हा मोठा प्रश्न सोडवायला आकड्यांच्या या अंड्याने मदत केली. स्टायलोगॅस्टर झुरळांना आणि रातकिड्यांना गाठते, तशी ती मस्किडी कुलातल्या, म्हणजे घरमाशीच्या भाईबंद माश्यांच्या अंगातही अंडी रोवते. त्या माश्या संग्राहकांच्या जाळ्यात येतात, टाचणीवर बसतात, संग्रहालयाच्या खणात जातात, आणि अंडं तसंच अंगात राहतं. ब्राझीलच्या मार्सिया कूरी आणि इंग्लंडचे एड्रियन पाँट यांनी २००६ मध्ये मादागास्करच्या मस्किडी माश्यांवरची अशी अंडी नोंदवली. स्टायलोगॅस्टर स्वतः जाळ्यात न आलेल्या ठिकाणीही ती तिथे होती याचा हा पुरावा. माशीच्या अंगात अंडं सापडलं म्हणजे तीच अळीची खरी यजमान, असं मात्र लगेच ठरत नाही; त्यासाठी तिच्यातून अळी वाढून कोष झालेला दिसावा लागतो. पण ठिकाणाचा पुरावा म्हणून अंडं पुरेसं बोलकं आहे.

आता मादागास्करचा पेच. या बेटावर स्टायलोगॅस्टर आहेत, पण डोरिलस किंवा दुसऱ्या खऱ्या लष्करी मुंग्या तिथे नाहीत. म्हणजे मुंग्यांवाचून या माशीचं अडत नाही. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर किंवा मध्य अमेरिकेत, जिथे कार्ल रेटनमायर यांनी १९६१ मध्ये पनामातल्या लष्करी मुंग्यांच्या धाडींवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिथे धाडीमुळे यजमान एकगठ्ठा उघड्यावर मिळतात. मुंग्यांची साथ ही सोय आहे. ती नसली तर माशी आपला यजमान स्वतः शोधते. मादागास्कर नकाशावर नसतं, तर मुंगीला या माशीच्या पसरण्याचं कारण मानून आपण मोकळे झालो असतो.

दुसरा पेच काळाचा. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, आशिया, ऑस्ट्रेलिया, अशा दक्षिणेकडच्या भूभागांत एखादा प्राणी दिसला की गोंडवन खंड फुटला तेव्हा तो विभागला गेला, हे उत्तर चटकन ओठांवर येतं. इथे ते चालत नाही. मादागास्कर आफ्रिकेपासून सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी तुटलं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दुरावल्या. स्टायलोगॅस्टर ज्या मोठ्या गटात मोडते, त्या शायझोफोरा माश्यांचा विस्तार झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपासून पुढे. म्हणजे जमिनी आधी फुटल्या आणि माश्या नंतर आल्या. मादागास्करला यांचे पूर्वज समुद्र ओलांडूनच पोचले असणार.

घराण्यातल्या तिच्या स्थानाचा वादही अलीकडे मिटत आला. काही अभ्यासक स्टायलोगॅस्टरला स्वतंत्र कुल मानत होते. कॅनडातल्या जोएल गिब्सन आणि जेफ्री स्केव्हिंग्टन यांनी २०१३ मध्ये शरीररचना आणि जनुकं दोन्ही तपासली. निष्कर्ष असा, की स्टायलोगॅस्टर ही कोनोपिडींच्या झाडाची सगळ्यात आधी फुटलेली फांदी आहे: बाकी सगळ्या जणी एकीकडे, ही एकटी दुसरीकडे. तरीही मूळ एकच, म्हणून तिला कुलात ठेवून वेगळं उपकुल दिलं गेलं.

आणि आफ्रिकेतल्या जाती? २०१२ मध्ये जर्मनीच्या येन्स-हेरमान श्टूके यांनी 'आफ्रिकन इन्व्हर्टिब्रेट्स' या नियतकालिकात आफ्रिकी स्टायलोगॅस्टरचा समग्र आढावा प्रसिद्ध केला. त्यात एका दमात २१ नव्या जाती होत्या. या जाती त्या वर्षी जन्मल्या नव्हत्या. त्या जंगलात होत्या आणि खणांतल्या नमुन्यांतही होत्या. त्या ओळखायला अंडनिक्षेपकाच्या टोकाची घडण, माथ्यावर साध्या डोळ्यांभोवतीच्या चकचकीत त्रिकोणाची लांबी, पायांवरच्या रंगांचे पट्टे, असे बारकावे एकेका नमुन्यावर ताडून पाहावे लागतात. मग ज्या जुन्या नमुन्यावरून मूळ जातीचं वर्णन झालं, त्याच्याशी मेळ घालावा लागतो. तो मूळ नमुना हरवला, तर नावाचा आधारच जातो. १९४३ च्या बाँबहल्ल्यांत हॅम्बर्गचं प्राणिशास्त्रीय संग्रहालय भस्म झालं, तेव्हा असे कितीतरी आधार एका रात्रीत गेले.

आफ्रिकेच्या नकाशावर एखाद्या जातीचे दोन ठिपके दिसतात, तेव्हा ती तिथेच राहते असं वाचू नये. तिथे कुणीतरी जाळं घेऊन गेलं होतं आणि परतल्यावर ठिकाण, तारीख, संग्राहकाचं नाव चिठ्ठीवर लिहून टाचणीला टोचायला विसरलं नाही, एवढंच ते ठिपके सांगतात. प्रजातीला तीन नावं मिळाली, कुल बदलायच्या बेतात होतं, जाती फुटून वाढल्या; पण चिठ्ठीवरची ती ओळ प्रत्येक फेरवाटणीत कामाला आली. पश्चिम आफ्रिकेचं आणि पूर्व मादागास्करचं वर्षावन आज झपाट्याने तुटतंय. तिथल्या माशीचा नमुना आज नीट चिठ्ठीसकट ठेवला, तर उद्याचा श्टूके त्याला नाव देऊ शकेल. चिठ्ठीच नसेल, तर कितीही कुशल वर्गीकरणकाराला त्या माशीचा पत्ता लावता येणार नाही.