लाल डगला

माणदेशात लग्नं पावसाच्या मर्जीवर निघायची. पाऊस झाला तर ज्वारी, ज्वारी झाली तर लग्नं, आणि लग्नं निघाली तर आमच्या घरात दोन वेळची चूल. आटपाडीच्या मुलखातलं आमचं होलार वाजंत्र्याचं घर. पिढ्यान्‌पिढ्या सनई, सूर आणि डफडं. मी मात्र जन्मभर क्लॅरिनेट वाजवलं, घरच्याच बँडमध्ये. आधी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मागे उभा राहून, मग त्यांच्या जागी. सनईकडून बँडकडे आम्ही कसे आलो ते आज्यानं सांगितलं, आबांनी सांगितलं, आणि दोघांचं जिथं जुळत नव्हतं तिथं आजीनं सांगितलं.

आज्याच्या वेळी आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे पंतप्रतिनिधी चित्रं काढायचे, स्वतः उभे राहून कीर्तन करायचे. राजा असा कलावंत, पण गावच्या मांडवात वाजंत्र्याची जागा ठरलेली : मांडवाच्या कडेला, उन्हात. मंगलाष्टकं संपेपर्यंत सनई तोंडाशी धरून थांबायचं, शेवटचं ‘सावधान’ झालं की छाती फोडून वाजवायचं. मग पंगती उठायच्या. आमची माणसं सगळ्यांत शेवटी, लांब, घरनं नेलेल्या ताटात जेवायची. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं. मालकानं पायली दिली काय आणि अर्धी दिली काय, बोलायची सोय नव्हती. “वाजवत न्हाई म्हनायची पन सोय न्हवती,” आजा म्हणायचा. हे सांगताना तो कधी चिडत नसे, आणि त्याचाच मला लहानपणी फार राग यायचा.

त्याचा चेहरा खुलायचा तो मिरजेचं नाव निघालं की. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यानं अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐकलं होतं. तिथं कोण कुठला असं कुणी विचारलं नाही, बसायला मिळालं, हे तो गाण्याच्याही आधी सांगायचा. खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी आज्याच्या सनईत राहिली. नवरीच्या पाठवणीला तो तीच वाजवायचा. हळदीला मात्र आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चाली. ती दळताना म्हणायची, हा ओसरीवर बसून उचलायचा. आमचं घराणं कुठलं असं कुणी विचारलं, तर मी ही दोन ठिकाणं सांगतो : मिरजेचा दर्गा आणि आजीचं जातं.

मिरजेतच त्याला ते क्लॅरिनेट मिळालं. फौजेच्या बँडमधून सुटून आलेल्या एका म्हाताऱ्यानं विकलं. जुन्या घडणीचं, कमी चाव्यांचं, बोटं थेट भोकांवर बसतील असं. घरी येऊन आज्यानं फुंकलं आणि चक्रावला. सनईत षड्जाची बोटं तशीच ठेवून फुंकर दाबली की वरचा षड्ज लागतो. क्लॅरिनेटमध्ये त्याच बोटांना वरचा पंचम बोलतो. म्हणजे खालच्या सप्तकाची बोटं वर चालत नाहीत, वरचा सगळा हिशेब नव्यानं मांडायचा. शिवाय सनईची जिभाळी दोन पानांची आणि ओठांत मोकळी. इथं एकच पट्टी, आणि तीही लाकडी मुखाला बांधलेली. आज्यानं एक अख्खा पावसाळा गोठ्यात बसून बोटं बसवली. भोकावरचं बोट एकदम न उचलता कडेकडेनं सरकवायचं आणि त्याच वेळी खालचा ओठ ढिला सोडायचा, म्हणजे सनईसारखी मींड निघते. हे त्याचं त्यानं शोधून काढलं. ते बोट मी आबांकडून शिकलो. भोकं चाव्यांनी झाकलेल्या क्लॅरिनेटवर ते जमत नाही, म्हणून आमच्या घरात जुनंच चाललं.

आता घरातल्या भांडणाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यातून घडलं. माझे थोरले चुलते तात्या बाबासाहेबांच्या विचारानं भारले होते. हलकं समजलं जाणारं गावकीचं काम टाका, हे त्यांनी मनावर घेतलं. एका रात्री त्यांनी डफडं खुंटीवरनं काढून आज्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, “ह्येनं आपल्याला शेवटच्या पंगतीला बसवलं.” आजा म्हणाला, “डफड्यानं न्हाई बसवलं, लेका. मानसांनी बसवलं.” तात्यांनी पुन्हा वाद्याला हात लावला नाही. शिकले, शाळामास्तर झाले. माझ्या मते दोघंही बरोबर होते.

वाट काढली ती आबांनी. त्यांनी बलुतं सोडलं आणि बँड काढला. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं बनतात. नादिर अलींचा कारखाना तर 1885 पासूनचा. तिथली वाद्यं कर्ज काढून आणली. दुसरे चुलते बॅरिटोनवर, मामा ट्रम्पेटवर, चुलतभाऊ साईड ड्रम आणि ढोलावर, आम्ही पोरं खुळखुळ्यांवर. आईनं लाल डगले शिवले, खांद्यावर पिवळी जर. बाजारपेठेत फळी लागली. आता सुपारी ठरवायला यजमान आमच्या दारात यायचा, बयाणा द्यायचा, वहीत सही करायचा. न पटलं तर आबा नाही म्हणायचे. लोकांना वाटतं, ब्रास बँड ही साहेबाची नक्कल. आमच्यासाठी तो गावकीतून सुटायचा दरवाजा होता. सनई वाजवणारा गावाचा होता, बँडवाला स्वतःचा झाला. वाजवणारी छाती तीच.

गाणी उचलायची पद्धतही घरचीच. जत्रेत तंबूचं थेटर यायचं. तिकिटाला पैसे नसत, म्हणून कनातीबाहेर उभं राहायचं. मुखडा आबांनी धरायचा, अंतरा मामांनी, मधलं म्युझिक चुलत्यांनी. रात्री घरी येऊन तिघांचं जोडायचं. ‘दो आँखें बारह हाथ’ असंच बसवलं. त्या चित्रपटावर आमचा हक्कच होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कारागृहावरून तो सुचलेला आणि लिहिलेला आमच्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी. संगीत वसंत देसाईंचं. पुढं 1959 साली त्यांच्याच ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई वाजली, तेव्हा आजा थकला होता. आबांनी त्याला ती गाणी क्लॅरिनेटवर ऐकवली. “सनईच हाय की ही,” एवढंच तो बोलला. आबा हे वाक्य मरेपर्यंत सांगत होते.

1972 चा दुष्काळ मी अंगावर काढलाय. लग्नं थांबली. ट्रम्पेट आणि बॅरिटोन सावकाराकडे गेले, आम्ही सगळे खडी फोडायला. दुपारी सुकडी मिळायची. बोटांची टोकं फुटली की भोकं नीट झाकली जात नाहीत, हवा निसटते. आई रात्री सगळ्यांच्या बोटांना तेल लावायची आणि आबा अंधारात नुसत्या तोंडानं सरगम म्हणून घ्यायचे. क्लॅरिनेट तेवढं त्यांनी गहाण टाकलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मग डॉल्बी आला. ढोलाचा आवाज छातीला लागतो, डॉल्बीचा भिंतीला हादरे देतो. त्याच्यापुढं क्लॅरिनेटची मींड कुणाला ऐकू येणार? 2020 साली ऐन लग्नसराईत टाळेबंदी आली, पन्नास माणसांत लग्नं लागली, त्यात बँड कुठला बसणार! आमच्या ओळखीची कितीतरी पथकं तेव्हा मोडली. आमचं तगलं. नातू क्लॅरिनेट वाजवतो. कॉलेजही करतो. त्यानं हेच करावं असा माझा हट्ट नाही, पण ते बोट त्याला आलंय.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरच्या लग्नाला बँड सांगाल, तेव्हा ठरलेले पैसे वरात निघायच्या आधी चुकते करा. आणि वाजवणारी माणसं पहिल्या पंगतीला बसवा, तुमच्या शेजारी.