पाठीवरची प्रकाशरेषा

मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकते आणि आईला दिसतं, पाठीची एक बाजू जरा वर आलीय. ब्रिटनमध्ये डॉक्टरसुद्धा आधी असंच वाकायला सांगतात. ही तपासणी लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामागे एक डायनोसॉरवाले गृहस्थ आहेत! इग्वानोडॉन जगापुढे आणणारे गिडियन मँटेल १८४१ साली घोडागाडीच्या अपघातात सापडले आणि पुढे पाठदुखीने हैराण झाले. पाठीवरचा उंचवटा डॉक्टरांना गाठ वाटत होता. १८५२ मध्ये ते वारले, तेव्हा कळलं की कणाच वाकून पिळला गेला होता. तो कणा अ‍ॅडम्सनी अभ्यासला.

तुम्ही म्हणाल, कण्याचा छातीशी काय संबंध? कणा पिळला की त्याला जोडलेल्या फासळ्याही फिरतात. एका बाजूला मागे उंचवटा येतो, छातीचा पिंजराच वाकडा होतो.

पुढे मोजमाप एक्स-रेवर होऊ लागलं. पण वाढत्या मुलांचे फोटो पुन्हापुन्हा काढावे लागत. कण्याचा बाक असलेल्या ५,५७३ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीचे सरासरी २४.७ एक्स-रे निघाले होते. स्तनाच्या कर्करोगाने ४५.६ मृत्यू अपेक्षित होते, झाले ७७.

ऑक्सफर्डमध्ये त्याआधीच, १९८०च्या दशकात, अ‍ॅलन टर्नर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 'आयसिस' यंत्रणा उभी केली होती. कल्पना अगदी घरगुती: उशीवर दोरी टाकली तर ती उशीच्या आकाराने वळते, तशी उघड्या पाठीवर उजेडाची रेघ टाकायची. कॅमेरा तिरका ठेवायचा. रेघ जिथे वळेल त्यावरून संगणक उंचसखलपणा काढतो. २००८ मध्ये 'आयसिस-२' आली. तिच्यात पाठीवर एकदम अनेक पट्टे पाडून एकच डिजिटल फोटो घेतात.

छातीत खड्डा असलेल्या मुलांसाठीही आता असे पृष्ठभागाचे स्कॅन वापरतात. एरवी खड्ड्याची खोली सीटी स्कॅनवर मोजतात, म्हणजे पुन्हा किरण आलेच. अर्थात कातडी म्हणजे हाड नव्हे. स्नायू आणि चरबी मध्ये येतात, हृदय किती दाबलं गेलंय हे बाहेरून दिसत नाही. कण्याच्या शस्त्रक्रियेआधी एक्स-रे लागतोच.

तरी मला ऑक्सफर्डवाल्यांचा एक आग्रह फार पटतो. एक्स-रेवरचा कोन डॉक्टरांना हवा असतो. पोहण्याच्या तलावावर टॉवेल न काढणाऱ्या मुलीला सलतो तो पाठीचा आकार. त्यांनी तोच मोजला.