मुख्य व बॅकअप मेल सर्व्हर

एखाद्या संस्थेचा नेहमीचा मेल सर्व्हर बंद असताना तिच्या नावे आलेले ई-मेल उतरवून घेणारा आणि तो सुरू होताच त्याच्याकडे पोचवणारा दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप मेल सर्व्हर होय. डोमेनचे मेल कोणाकडे न्यायचे हे डीएनएसमधील एमएक्स नोंदी ठरवतात. प्रत्येक नोंदीत सर्व्हरच्या नावासोबत अग्रक्रमाचा आकडा असतो आणि लहान आकड्याचा सर्व्हर आधी गाठला जातो. समजा, शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने तेथील मुख्य सर्व्हरला १० आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या शाखेतील बॅकअपला २० हा आकडा दिला, तर रांजणगावची वीज गेल्यावर मेल कुरकुंभला उतरतो. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच लाइनवर असतील तर ही व्यवस्था नावापुरतीच उरते.

बॅकअपमधील दोष बहुधा मुख्य सर्व्हर पडेपर्यंत उघड होत नाहीत. डोमेन रिलेच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी मेल पुढे पोचवण्याच्या, यादीत नसेल तर बॅकअप ५ ने सुरू होणारा उत्तरसंकेत देतो आणि हा नकार कायमचा समजला जात असल्याने पत्र परत जाते. ४ ने सुरू होणाऱ्या संकेतावर मात्र ते पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबते. याहून घातक चूक म्हणजे डोमेन बॅकअपच्या स्थानिक यादीत घालणे, कारण तेथे त्याच नावांची खाती असल्यास पत्रे त्यांतच साचतात आणि पाठवणाऱ्याला ती पोचल्यासारखी वाटतात. आरएफसी ५३२१ (२००८) या मानकानुसार सर्व्हरने स्वतःच्या आकड्याइतक्या वा त्याहून मोठ्या आकड्याच्या नोंदी वगळायच्या असतात. परंतु राउटरमागे असलेल्या बॅकअपला आपला बाहेरचा आयपी पत्ता सांगितलेला नसेल, तर कुरकुंभची नोंद आपलीच आहे हे तो ओळखत नाही व पत्र स्वतःकडेच पुनःपुन्हा धाडतो. हे चक्र पत्राच्या मथळ्यातील ‘रिसीव्ह्ड’ ओळी खालून वर वाचल्यास उघड दिसते.

वैध खात्यांची यादी बॅकअपकडेही असावी लागते. अन्यथा तो कचरा-मेलही स्वीकारतो आणि मुख्य सर्व्हरने ते नाकारल्यावर परतीची पत्रे भलत्याच निरपराध पत्त्यांवर जातात. एसपीएफ, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरची अधिकृतता तपासणाऱ्या, पडताळणीतून बॅकअपचा आयपी पत्ता मुख्य सर्व्हरने वगळावा. पाठवणारे सर्व्हर सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, त्यामुळे लहान कार्यालयाला निष्काळजीपणे चालवलेल्या बॅकअपपेक्षा एकच नीट सांभाळलेला सर्व्हर अधिक उपयोगी पडतो.