विकास आराखडा आणि आपला मोहल्ला: हरकत कधी, कुठे आणि कशी नोंदवावी

शहराचा विकास आराखडा, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘डीपी’, हा साधारण वीस वर्षांचा विचार करून तयार होतो. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती कारखान्यासाठी, कुठून किती रुंद रस्ता जाणार, शाळा, दवाखाना, मैदान, बाजार, कब्रस्तान यांना जागा कुठे मिळणार, हे सगळे त्या नकाशावर ठरते. एकदा मंजूर झाला की नगरसेवक बदलोत, आयुक्त बदलोत, नकाशा तोच राहतो. आपल्या वस्त्यांत मात्र डीपीचे नाव पहिल्यांदा निघते ते बहुधा दारावर नोटीस चिकटल्यावर. मग ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणत लोक ऑफिसात धावतात. खरे तर सांगितलेले असते, पण राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात.

म्हणून ही प्रक्रिया कशी चालते आणि त्यात आपल्याला बोलायला जागा कुठे आहे, ते नीट समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात विकास आराखडा ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली तयार होतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. महापालिका किंवा नगरपालिका आधी कलम २३ प्रमाणे आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. या टप्प्यावरही लोकांकडून सूचना मागवल्या जातात, पण तेव्हा कोणी फिरकत नाही. त्यानंतर शहराची पाहणी होऊन आज कोणत्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा बनतो. तो आधार धरून प्रारूप आराखडा तयार होतो आणि कलम २६ खाली हरकती व सूचनांसाठी जाहीर केला जातो. मुदत ३० दिवसांची असू शकते, ६० दिवसांची असू शकते. जाहीर सूचनेत शेवटची तारीख दिलेली असते, तीच खरी. दुसऱ्या शहरातल्या नातेवाईकाने सांगितलेली तारीख आपल्याला लागू होत नाही.

आलेल्या हरकतींवर कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर आराखड्यात बदल होतात आणि तो राज्य सरकारकडे जातो. मंजुरी सरकारच देते. मंजुरी देताना सरकारला मोठे बदल करायचे असतील तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी संधी फार थोड्या लोकांना माहीत असते.

खरी लढाई आजच्या नकाशावर

आपले लोक प्रारूप जाहीर झाल्यावर जागे होतात. तोवर निम्मे काम होऊन गेलेले असते. आज जमिनीवर काय आहे ते दाखवणारा नकाशा, म्हणजे विद्यमान भू-वापर नकाशा, हा सगळ्याचा पाया आहे. या नकाशात तुमची चाळीस वर्षांची उर्दू शाळा ‘रहिवासी’ म्हणून रंगवली असेल, मदरसा गोदाम दाखवला असेल, किंवा अख्खी वस्ती ‘झोपडपट्टी’ असा एकच ठिपका बनली असेल, तर पुढे त्यातून रस्ता ओढणाऱ्या माणसाला तिथे काही आहे हे दिसणारच कसे? कागदावर जे नाही, ते वाचवायला कोणी येत नाही. या नकाशावर प्रारूपासारखी वेगळी सुनावणीही होत नाही. त्यामुळे पाहणी सुरू असतानाच लेखी अर्ज देऊन चुका दाखवाव्या लागतात.

मुंबईचे उदाहरण बघा. २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी महापालिकेने विद्यमान भू-वापर नकाशा लोकांसमोर ठेवला, तेव्हा नागरिकांच्या गटांनी वॉर्डावॉर्डात फिरून त्यातल्या चुका शोधल्या. ‘हमारा शहर मुंबई अभियाना’सारख्या मंचाने गरीब वस्त्यांत बैठका घेऊन लोकांना नकाशा वाचायला शिकवले. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या की हजारो हरकती दाखल झाल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा नव्याने करायला सांगितले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. कोळीवाडे आणि गावठाणांच्या हद्दी नकाशावर नीट दाखवा, यासाठी तिथल्या रहिवाशांनी जो पाठपुरावा केला तोही याच काळातला. त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. त्यांनी भावनेचे भाषण कमी केले, हद्दीचे कागद जास्त दाखवले.

पुण्यातही जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूपावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. पुढे तो आराखडा महापालिकेकडून सरकारने आपल्या हातात घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. गर्दीचे वजन पडते हे खरे. पण एकाच मजकुराच्या पाच हजार झेरॉक्स प्रती दिल्या की समिती त्यांना एकच हरकत समजून एका ओळीत निकाली काढू शकते. शंभर लोकांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या घराचा आणि गल्लीचा तपशील देऊन लिहिलेले अर्ज त्याहून भारी पडतात.

हरकत कशी लिहावी

हरकत मराठीत लिहिता येते आणि वकील लागतोच असे नाही. अर्जात प्रभाग, गाव किंवा पेठेचे नाव, सर्वे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्वे नंबर, प्रारूप नकाशातील शीट क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक हे असायलाच हवे. ‘आमच्या मशिदीजवळचा रस्ता’ एवढ्यावर अधिकाऱ्याला काही सापडत नाही. नकाशाच्या त्या तुकड्याची प्रत जोडून लाल पेनने जागा दाखवावी. मग नेमके काय हवे ते एका वाक्यात लिहावे: आरक्षण रद्द करा, रस्त्याची रुंदी कमी करा, आरेखन शेजारच्या सरकारी जमिनीवरून न्या, किंवा इथे दवाखान्याची जागा ठेवा. कारण त्यानंतर. आधी दोन पाने व्यथा आणि शेवटच्या ओळीत मागणी, असे अर्ज आपल्याकडे फार असतात आणि ते वाचताना मागणी हरवते.

पुरावा म्हणून मालमत्ता पत्रक, सात-बारा, घरपट्टी-वीज बिलाच्या जुन्या पावत्या, शाळेची मान्यता, फोटो असे जे असेल ते जोडावे. जागा वक्फची असेल तर वक्फ मंडळाकडील नोंदणीची प्रत आणि ट्रस्टचा ठराव हवाच. इथे एक कटू गोष्ट बोलावी लागेल. कित्येक ठिकाणी ट्रस्टींमधले आपसातले वाद इतके जुने आहेत की ठरावावर सह्या होईपर्यंत मुदत संपून जाते. आराखडा कोणाच्या वादासाठी थांबत नाही.

अर्ज दिला की आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नाही तर सुनावणीचे पत्र नाही आल्यावर दाद कशाच्या जोरावर मागणार?

विरोधाइतकेच समर्थनही लेखी हवे

‘हरकती व सूचना’ यातला दुसरा शब्द आपण विसरतो. समजा प्रारूपात कब्रस्तानासाठी एक जागा आरक्षित झाली. लोक खूश होतात, चला, काम झाले, म्हणून घरी बसतात. इकडे शेजारच्या सोसायट्या आणि जमीनमालक त्या आरक्षणाविरुद्ध अर्ज देतात. समितीसमोरच्या फाइलमध्ये विरोधाचे दोनशे कागद आणि समर्थनाचा एकही नाही. मग समितीने आरक्षण हलवले तर तिला दोष देणे अवघड होते. जे आपल्याला हवे आहे ते नकाशात आले असेल, तर ‘हे आरक्षण कायम ठेवावे’ असा अर्जही तितक्याच संख्येने आणि त्याच काळजीने द्यायला हवा. सध्याच्या कब्रस्तानात महिन्याला किती दफन होतात, जागा कधी भरेल, मय्यत घेऊन किती लांब जावे लागते, हे आकडे जमातीच्या रजिस्टरमध्ये असतात. तेच जोडा.

हा मुद्दा किती गंभीर आहे हे गोवंडी-देवनार भागाने पाहिले आहे. मुंबईच्या या एम-पूर्व वॉर्डात १९२७ पासूनचे डम्पिंग ग्राऊंड आहे, कत्तलखाना आहे, दाट लोकवस्ती आहे, आणि दफनाला जागा अपुरी. वाढीव कब्रस्तानासाठी तिथल्या रहिवाशांना जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २०२४ च्या सुनावणीत न्यायालयाने दिरंगाईवरून महापालिकेला चांगलेच सुनावले. पण कोर्टाचा रस्ता लांबचा असतो. तोवर दफन थांबत नाही.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणीत एका अर्जदाराला काही मिनिटेच मिळतात. सगळ्यांनी एकदम बोलू नये. एकाच जागेबद्दल अर्ज दिलेल्यांनी आधी बसून ठरवावे: एक जण नकाशा दाखवेल, एक जण पर्याय सांगेल, बाकीचे हजर राहून सही करतील. पर्याय सांगणे फार महत्त्वाचे. ‘रस्ता नको’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘रस्ता हवा, पण या बाजूने’ म्हणणाऱ्याचे ऐकले जाण्याची शक्यता जास्त.

आणि बायकांना बरोबर घ्या. जुम्याच्या नमाजनंतर ऐलान केले की सगळ्या मोहल्ल्याला कळवले, असे आपण समजतो. ते पुरुषांनाच कळलेले असते. पाणी कुठे कमी दाबाने येते, अंगणवाडीला जागा का नाही, संध्याकाळी कोणत्या गल्लीत मुलींना भीती वाटते, हे ज्यांना माहीत आहे त्या घरी राहतात आणि नकाशावर मत देतात ती पार्किंगची चिंता असलेली मंडळी. बैठक दुपारी, शाळेत किंवा कोणाच्या अंगणात घेतली तर बायका येतात, आणि बोलतातही.

मंजुरीनंतरही नजर ठेवा

आरक्षण मंजूर झाले म्हणजे जागा मिळाली असे नाही. खासगी जमिनीवरचे आरक्षण आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादित झाले नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने जागा घेतली नाही किंवा त्यासाठी कायदेशीर पाऊल उचलले नाही, तर आरक्षण आपोआप रद्द होते. शाळा, मैदाने, कब्रस्ताने अशीच कागदावर येऊन कागदावरच संपतात. म्हणून पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या आधी, ‘अमुक आरक्षणाच्या संपादनासाठी तरतूद करा’ असे पत्र आयुक्त आणि नगरसेवक दोघांना दरवर्षी द्यावे. संपादन कुठवर आले ते माहिती अधिकारात विचारता येते.

दुसरा धोका कलम ३७ चा. मंजूर आराखड्यात मधल्या काळात फेरबदल करायचा तर या कलमाखाली सूचना निघते आणि हरकतींना साधारण महिनाभराचा वेळ असतो. एखाद्या मैदानाचे आरक्षण बदलते ते असेच. मोहल्ल्यातल्या एका तरुणाने पालिकेची वेबसाइट आणि दोन मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना आठवड्यातून एकदा बघायच्या, एवढे काम वाटून घेतले तरी पुष्कळ.

वॉर्डातली जागा

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. ही दुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली, म्हणजे ग्रामसभेसारखी मतदारांची सभा. ती प्रत्यक्षात भरलेली क्वचितच दिसते, तरी ती घ्यावी म्हणून लेखी मागणी करता येते. पुण्यात २००६-०७ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामे थेट अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात: पदपथ, दिवे, बसथांबा. रक्कम लहान असते, पण पालिकेत अर्ज कसा फिरतो हे त्यातून कळते. पुढचा डीपी येईल तेव्हा ज्याने एक दिवा मंजूर करून घेतला आहे, त्याला कोणत्या टेबलावर जायचे हे विचारावे लागत नाही.

आपल्या शहराचा सध्याचा मंजूर आराखडा कोणत्या वर्षीचा आहे, आपली गल्ली त्याच्या कोणत्या शीटवर आहे आणि तिथे कोणता रंग दिला आहे, हे नगररचना विभागात जाऊन पाहता येते. बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावरही हे नकाशे असतात. सिटी सर्वे नंबर दिला की अधिकृत झोन दाखला फी भरून मिळतो.