मतदान यंत्र कसे असावे? मारकडवाडीने विचारलेला प्रश्न

सोलापूर : माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने 3 डिसेंबर 2024 रोजी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले होते. विधानसभेला ईव्हीएमवर या गावात भाजपचे राम सातपुते यांना 1003 आणि राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाचे उत्तम जानकर यांना 843 मते निघाली. जानकर मतदारसंघातून निवडून आले, तरी गावातले आकडे त्यांच्या समर्थकांना पटले नाहीत. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले आणि ते मतदान झालेच नाही.

खरं सांगायचं तर ते झाले असते तरी काही सिद्ध झाले नसते. निकालानंतर माणसाचे मन बदलते, विरोधी गटाचे लोक येतच नाहीत, आणि सगळ्या गावासमोर दिलेले मत मोकळेपणाने दिलेले असेलच असे नाही. पण शंका आली तर ती फेडायची कशी, हा त्यामागचा सवाल रास्त होता. यंत्राने मते बरोबर मोजावीत हे झालेच, पण ती बरोबर मोजली हे हरलेल्यालाही तपासता आले पाहिजे.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च 2009 मध्ये हाच निकष लावला. तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला मतदान-मोजणीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत, असे सांगून तिथली यंत्रे घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 8 ऑक्टोबर 2013 रोजी कागदी पुरावा अत्यावश्यक मानला. त्यानंतर व्हीव्हीपॅटचा वापर टप्प्याटप्प्याने वाढला. बटण दाबले की चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते आणि पेटीत पडते. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांची मोजणी यांत फरक पडला, तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. म्हणजे खरी साक्ष कागदाची.

मात्र ही साक्ष फार थोडी घेतली जाते. एप्रिल 2019 च्या आदेशानुसार एका विधानसभा मतदारसंघातल्या शेकडो केंद्रांपैकी फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा, ही मागणी कोर्टाने 26 एप्रिल 2024 रोजी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागायची वाट दिली. अर्ज सात दिवसांत करायचा. सुरुवातीला त्याची फी एका यंत्रसंचाला 40 हजार रुपये अधिक जीएसटी अशी होती. अपक्ष उमेदवाराने एवढे पैसे आणायचे कुठून?

तक्रार करणाऱ्या मतदाराचेही तसेच. चिठ्ठीवर दुसरेच चिन्ह दिसले तर केंद्राध्यक्षांना लेखी सांगायचे, मग सगळ्यांसमोर चाचणी मत द्यायचे. तेव्हा यंत्र बरोबर चालले तर खोट्या निवेदनाचा गुन्हा लागू शकतो. आपल्या घरातली आजी किंवा खाला ही जोखीम घेईल का?

आता आपल्या मोहल्ल्यांशी थेट संबंध असलेली गोष्ट, जिच्यावर चर्चा फार कमी होते. मत गुप्त राहणे हीसुद्धा यंत्राची अटच आहे. एकट्या माणसाचे मत ईव्हीएम सांगत नाही. पण मोजणी केंद्रनिहाय होते, त्यामुळे कुठल्या वस्तीने कुणाला किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक असते. मारकडवाडीचा वादही अशाच आकड्यांवरून पेटला. नई जिंदगी असो की विजापूर वेस, एका केंद्रावर बहुतेक एकाच समाजाचे मतदार असतील तर त्या आकड्यांवरून अख्ख्या वस्तीवर शिक्का बसतो. मग गटार आणि नळाची कामे कुणी अडवली, याची कुजबुज सुरू होते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पेट्या मिसळून मोजता येत. यंत्रांसाठी निवडणूक आयोगाने 2008 मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. त्यात 14 यंत्रांची मते एकत्रच मोजली जातात. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, केंद्र सरकारने नकार दिला.

इथे दोन अटी एकमेकींना आडव्या येतात. केंद्रनिहाय आकडा नसेल तर गडबड शोधणे अवघड, असेल तर मोहल्ला उघडा पडतो. आमच्या मते आकडे मिसळावेत आणि चिठ्ठ्यांची मोजणी वाढवावी. खात्री कागदाने द्यावी, मोहल्ल्याच्या आकड्याने नाही.

आणि हा कागद सगळ्या निवडणुकांत नसतोच. 15 जानेवारी 2026 च्या सोलापूर महापालिका निवडणुकीत व्हीव्हीपॅट नव्हते. बहुतेक प्रभागांत एका मतदाराला चार मते द्यायची होती आणि शेवटी फक्त ‘बीप’ ऐकू यायचा. विधानसभा-लोकसभेला निदान एक कागद हाती घेता येतो. मतदान संपले की केंद्राध्यक्ष नमुना 17 सी वर एकूण मतांचा हिशेब लिहून मतदान प्रतिनिधींना प्रत देतात. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळवायचा असतो. त्यामुळे प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या आपल्या मुलांनी जेवायच्या घाईत ती प्रत न घेता केंद्र सोडू नये.