बुडाले तर कोणाचे?

पैशाचा व्यवहार मोबाइलवर आल्यापासून आपण त्याची पारख बहुधा दोनच गोष्टींवरून करतो: पैसे किती झटपट पोहोचले आणि त्यासाठी किती आकार पडला. या दोन्ही बाबतींत भारताने मोठी मजल मारली आहे. २००५ साली एनईएफटी सुरू झाली तेव्हा ती बँकेच्या कामकाजाच्या वेळेतच चालायची. २०१९ च्या डिसेंबरपासून ती चोवीस तास चालू झाली. २०१६ साली आलेले यूपीआय तर आज भाजीच्या गाडीवरही आहे. या सोयीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण महाराष्ट्रातल्या पेढ्या, सावकारी आणि टपालाने चालणारा व्यापार यांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर जुन्या माणसांना वेगाइतकाच, किंबहुना जास्त, सतावणारा प्रश्न वेगळाच होता असे दिसते. व्यवहार फसला तर भुर्दंड कोणी सोसायचा? माझ्या मते पैशाची कोणतीही व्यवस्था जोखायची तर आधी याच प्रश्नाचे उत्तर पाहिले पाहिजे, आणि आजच्या ऑनलाइन व्यवस्थेने ते अर्धेच दिले आहे.

पेशवाईतले पुणे हे सावकारांचेही शहर होते. मोहिमांसाठी रक्कम उभी करणे, उत्तरेतली वसुली दक्षिणेत आणणे, काशीयात्रेला निघालेल्याच्या खर्चाची तिकडे सोय लावणे, अशी कामे पेढ्यांमार्फत होत. रुपयांच्या थैल्या बैलांवर लादून शेकडो कोस नेण्यापेक्षा हुंडीचा कागद नेणे सोपे होते. या पेढ्यांचे जाळे किती जागते होते, याची एक साक्ष सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतच्या संहाराची वार्ता भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली, ती एका सावकारी पत्रातून. हुंडीचा मजकूरही पाहण्यासारखा असे. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत तर लिहीतच, शिवाय तिची निमपट आणि त्या निमपटीची दुप्पटही लिहीत. शंभराची हुंडी असेल तर शंभर, त्याचे निमे पन्नास, पन्नासाची दुप्पट शंभर. शून्य वाढवून शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला मग एका ठिकाणी खाडाखोड करून भागत नसे. हुंडी लिहून दिल्याची वर्दी देणारे पत्र पैसे देणाऱ्या पेढीकडे वेगळे जाई, आणि हुंडी व पत्र यांचा मेळ बसला की ती सकारली जाई. वाटेत हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत काढून मिळे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीचे खोखे होई आणि ते दप्तरात जपून ठेवले जाई, म्हणजे त्याच रकमेसाठी पुन्हा मागणी आली तर दाखवायला पुरावा हाताशी असे.

पण या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती शहाजोग हुंडीची रीत. या हुंडीचे पैसे येईल त्याला देता येत नसत, ते बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यायचे. परगावच्या अनोळखी माणसाजवळ अशी हुंडी असली तर त्याने आधी पेठेतला एखादा पतदार व्यापारी गाठायचा, त्याला आपली ओळख पटवायची, आणि मग त्या व्यापाऱ्याने ती हुंडी पेढीवर न्यायची. पुढे ती चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे उचलणाऱ्या शहाने ते व्याजासह परत करायचे. आणि पेढीनेच चौकशी न करता भलत्याला पैसे दिले असतील तर तोटा पेढीचा. हा रिवाज पश्चिम भारतात इतका रुजला होता की एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या न्यायालयांनीही तो मानला. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला तेव्हा देशी भाषांतल्या दस्तऐवजांबाबतचे स्थानिक रिवाज त्याच्या पहिल्याच कलमात अबाधित ठेवण्यात आले. या रिवाजाचे मर्म असे की, हुंडी आणणारा माणूस खरा की खोटा हे पारखण्याची ताकद ज्याच्याकडे होती, नुकसानही त्याच्याच माथी जात होते. हुंडी लिहून घेणारा ग्राहक दूरच्या गावी असे. तिकडच्या पेठेत कोणाच्या हाती पैसे पडले हे त्याला कळणे शक्य नव्हते, म्हणून ते ओळखण्याची जबाबदारीही त्याच्यावर नव्हती.

यावर कोणी म्हणेल की हे कौतुक व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या घराचे आहे. जातीच्या आणि नात्याच्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला त्यात थारा नव्हता. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या सावकाराची हुंडी दिल्लीपर्यंत वटत होती, त्याच्या दारात उभ्या असलेल्या कुणब्याला असला कोणताही रिवाज वाचवत नव्हता. हुंडीच्या दोन्ही टोकांना लिहितावाचता येणारी, आपापली रोजकीर्द आणि खतावणी ठेवणारी माणसे होती. कर्जाच्या खताला मात्र एका बाजूला चोपडी होती आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोला दिलासा देण्याचा होता. घडले उलट. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची चाल पडली, आणि प्रत्यक्ष हातात काय पडले होते याचा माग त्या खतांच्या थरांखाली नाहीसा झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. जिथे सावकाराने खते काढून दिली तिथे सहसा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. खते मात्र जाळली किंवा फाडली गेली. ज्या हिशेबाचा आपल्याजवळ काहीच पुरावा नाही, तो हिशेबच नष्ट करावा, एवढाच मार्ग त्या शेतकऱ्यांना दिसत होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासायला लावले. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे अशी तरतूद केली. आणि, मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की भरलेल्या पैशाची पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि नोंदी करून दिलेले पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. त्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमाने एक तत्त्व घालून दिलेच होते: नियमित ठेवलेल्या हिशेबवह्यांतली नोंद ग्राह्य आहे, पण केवळ तिच्या आधारावर कोणावर देणे लादता येणार नाही. लिहिणाऱ्याची वही हाच अखेरचा शब्द मानायचा नाही, असा त्याचा अर्थ. १८७९ च्या कायद्यावर टीकाही झाली आणि ती पोकळ नव्हती. काही सावकारांनी गहाणाऐवजी थेट खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली, काहींनी हात आखडता घेतला. तरीही हिशेबाची एक प्रत दुबळ्या बाजूच्या हातात असलीच पाहिजे, हे तत्त्व मागे गेले नाही. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरून मिळणाऱ्या कर्जांसाठी नियम केले. एकूण खर्च स्पष्ट सांगणारे तथ्यपत्रक, रक्कम थेट ऋणकोच्याच खात्यात, आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून मोकळे होण्याची मुभा, या त्यातल्या तरतुदी वाचताना सुप्याच्या जळलेल्या खतांची आठवण होणे स्वाभाविक आहे.

घरबसल्या खरेदीचीही अशीच कथा आहे. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू केली, आणि पोस्टमनच्या हातून पार्सल घेऊन त्यालाच पैसे द्यायची पद्धत गावोगाव पोहोचली. न पाहिलेल्या दुकानदाराकडून वस्तू मागवण्याची भीती तिने घालवली, पण पूर्ण नाही, कारण पुडके फोडायच्या आधी पैसे द्यावे लागत. १८९८ च्या टपाल कायद्याने या नेमक्या फटीकडे लक्ष दिले. खरोखर आलेल्या मागणीशिवाय व्ही.पी. पाठवू नये, आणि फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम अडवून ती घेणाऱ्याला परत देता यावी, असे नियम करण्याचा अधिकार त्यात सरकारला मिळाला. पैसे वाहून नेणाराच पैसे थोपवूनही धरू शकत होता. २०१० नंतर ऑनलाइन दुकानांनी घरपोच माल देऊन पैसे घेण्याची जी सोय भारतात रुजवली, ती या व्ही.पी.चीच वंशज आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आणखी थोडे पुढे जाऊन तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन घातले, आणि संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायला मनाई केली.

बँकांच्या बाबतीत ६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक हा टप्पा मला १८७९ च्या कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकावर काहीही बोजा नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच काही घडले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ती ठरावीक मर्यादेत. ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. मात्र ग्राहकाने स्वतःहून गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. आणि आजची बहुतेक फसवणूक नेमकी याच दारातून होते. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याची बतावणी करून माणसाकडूनच ओटीपी काढून घेतात किंवा त्याच्याच बोटाने पैसे पाठवायला लावतात. मग बँकेच्या नोंदीत सगळे यथासांग दिसते. क्रमांक बरोबर, ओटीपी बरोबर, म्हणून व्यवहार खरा. सावकाराची चोपडी जशी एकतर्फी होती तशीच ही नोंदही एकतर्फी आहे. समोरचे खाते कोणाचे, ते उघडताना कोणती कागदपत्रे पाहिली, आठवड्यापूर्वी रिकामे असलेले खाते आज लाखो रुपये घेऊन तासाभरात पुन्हा रिकामे कसे झाले, यातले काहीच पैसे पाठवणाऱ्याला दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेनुसार तर रक्कम केवळ खाते क्रमांक पाहून जमा करता येत होती. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा असे बँकांना सांगितले गेले ते २०२४ च्या डिसेंबरात. नामजोग हुंडीत, म्हणजे नाव लिहिलेल्या माणसालाच पैसे द्यायच्या हुंडीत, नाव हीच पहिली अट होती.

भुर्दंड बँकांवर टाकला तर ग्राहक बेफिकीर होतील आणि खोट्या तक्रारी वाढतील, असे सांगितले जाते. काही प्रमाणात होईलही. पण भीतीने माणूस सावध होतो हे खरे असेल, तर ते बँकांनाही लागू आहे, आणि भाड्याने दिलेली खाती हुडकण्याची साधने ग्राहकाकडे नाहीत, बँकेकडे आहेत. ज्याला तोटा होत नाही तो शोध घेण्यावर खर्च करत नाही. शहाजोगचा रिवाज याच अनुभवावर उभा होता. दुसरा आक्षेप फुकट सेवेचा आहे. हुंडीला हुंडणावळ पडायची, यूपीआयवर माणसामाणसांतल्या व्यवहाराला आकार नाही, मग जोखमीचा पैसा आणायचा कुठून? पण हुंडणावळीत जोखमीचे मोलही धरलेले असे. आज ते मोल नाहीसे झालेले नाही, ते फसलेल्या एकेका माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीतून वसूल होते, आणि त्याची वाटणी कोणत्याही निकषावर न्याय्य म्हणता येणार नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळी वाट धरली. तिथे फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला परत द्यावे लागतात, आणि तो भार पैसे पाठवणारी व पैसे घेणारी संस्था यांनी निम्मा निम्मा उचलायचा असतो. ग्राहकाचा निष्काळजीपणा घोर असेल तर अपवाद आहे. खोट्या तक्रारींचीही सोय तिथे लावलेली आहे.

म्हणून आपल्याकडेही २०१७ च्या चौकटीला दुसरा अर्धा भाग जोडला गेला पाहिजे. चोराच्या हाती पैसे ज्या खात्यातून पडले, ते खाते उघडणाऱ्या आणि चालू ठेवणाऱ्या बँकेला पैसे उचलणाऱ्या शहाच्या जागी धरावे, आणि तिने ओळख नीट पटवली होती हे तिनेच सिद्ध करावे. तोवर वाचकांनी आहेत ते हक्क तरी वापरावेत. खात्यातून न केलेला खर्च दिसला की बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन ठेवा, कारण तीन दिवसांची मुदत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून मोजली जाते. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते.